प्रोसेसमधील शेअर्ड मेमरी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेले विद्यार्थी आणि हिंजवडी-खराडीकडे नुकतेच नोकरीला लागलेले प्रोग्रामर यांच्याबरोबर ऑपरेटिंग सिस्टिमचा अभ्यास करताना शेअर्ड मेमरीविषयीचे जे प्रश्न मला पुन्हापुन्हा ऐकू येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र केली आहेत. प्रोसेस म्हणजे चालू असलेला प्रोग्राम, आणि दोन किंवा अधिक प्रोसेस मिळून वापरतात ती मेमरी म्हणजे शेअर्ड मेमरी. शुद्ध मराठीत तिला सामायिक स्मृती म्हणता येईल. परंतु प्रयोगशाळेत आणि ऑफिसात सर्वांच्या तोंडी ‘शेअर्ड मेमरी’ हाच शब्द असल्याने तोच ठेवला आहे. उदाहरणे मुख्यतः लिनक्सवरची आहेत.

दोन प्रोसेसना एकमेकींची मेमरी मुळात दिसत का नाही?

प्रोसेस जो पत्ता वापरते तो रॅममधला खरा पत्ता नसतो, तो आभासी पत्ता असतो. त्याचा खरा पत्ता सांगणारा तक्ता म्हणजे पेज टेबल. प्रत्येक प्रोसेसचे पेज टेबल स्वतंत्र असते आणि ते कर्नलच्या, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या, ताब्यात असते. त्यामुळे दोन प्रोसेसनी अगदी एकच आकडा पत्ता म्हणून वापरला, तरी दोघी रॅममधल्या वेगवेगळ्या जागी पोहोचतात. एकीचा पॉइंटर भरकटला तरी दुसरीच्या डेटाला धक्का लागत नाही, आणि दिवसभर शेकडो प्रोसेस एकाच यंत्रावर सुखाने नांदतात त्या या व्यवस्थेमुळेच.

मग शेअर्ड मेमरीत नेमके काय घडते?

दोन प्रोसेसच्या पेज टेबलांत कर्नल रॅममधल्या त्याच पेजांची, म्हणजे ठरावीक आकाराच्या तुकड्यांची, नोंद करतो. एक्स८६ प्रोसेसरवर एक पेज साधारणपणे ४०९६ बाइटचे असते. नोंद झाली की त्यानंतरच्या वाचन-लेखनात कर्नल मध्ये येत नाही. एकीने लिहिलेला बाइट दुसरीला साध्या व्हेरिएबलसारखा वाचता येतो.

पुण्याच्या वाचकाला हे हौदावरून चटकन समजते. पेशवाईत कात्रजच्या तलावाचे पाणी जमिनीखालच्या नळाने शहरात येऊन पेठांतल्या हौदांत पडत असे. एखाद्या हौदावर दोन वाड्यांचे लोक पाणी भरायला येत असतील, तर हौद एकच. पण तिथे जायची वाट प्रत्येक वाड्याची आपापली. रॅममधली पेजे म्हणजे तो हौद आणि आभासी पत्ता म्हणजे आपल्या दारापासूनची वाट. हे चित्र लक्षात ठेवावे, कारण पुढे पॉइंटरच्या प्रश्नात ते पुन्हा लागणार आहे.

पाइप आणि सॉकेट असताना हिची गरज काय?

पाइप आणि सॉकेट हे कर्नलमार्फत एका प्रोसेसकडून दुसरीकडे डेटा पाठवण्याचे मार्ग आहेत. पाइपमधून डेटा पाठवताना त्याची दोनदा नक्कल होते: एकदा पाठवणाऱ्या प्रोसेसकडून कर्नलच्या बफरमध्ये आणि एकदा कर्नलकडून घेणाऱ्या प्रोसेसकडे. शंभर-दोनशे बाइटच्या संदेशाला याने काही बिघडत नाही. पण १९२० गुणिले १०८० पिक्सेलची, प्रत्येक पिक्सेलला चार बाइट असलेली व्हिडिओची एक चौकट ८२,९४,४०० बाइटची होते. सेकंदाला अशा तीस चौकटी पाठवायच्या, तर एका नकलेपोटी जवळजवळ २५ कोटी बाइट हलवावे लागतात, आणि दोन नकलांचे ५० कोटी. लिनक्सच्या पाइपची नेहमीची क्षमता ६४ केबी असल्याने लिहिणारी प्रोसेस मध्ये मध्ये थांबून राहते ते वेगळेच. शेअर्ड मेमरीत ही हलवाहलव उरत नाही.

मात्र पाइप फक्त डेटा नेत नाही. वाचणारी प्रोसेस डेटा येईपर्यंत थांबते, बाइट क्रमाने मिळतात, पलीकडची प्रोसेस संपली तर ते कळते आणि दोघी संपल्यावर पाइप नाहीसा होतो. ही सगळी कामे कर्नल आपल्यासाठी न सांगता करत असतो. शेअर्ड मेमरीत कर्नल बाजूला होतो म्हणूनच वेग मिळतो, आणि तो बाजूला होतो म्हणूनच ही सगळी कामे आपल्या अंगावर येतात. पुढच्या बहुतेक प्रश्नांचे मूळ इथेच आहे. त्यामुळे डेटा थोडा असेल तर माझा सल्ला नेहमी पाइप किंवा सॉकेटचाच असतो.

फोर्क केल्यावर चाइल्डने व्हेरिएबल बदलले, ते पेरेंटला का दिसत नाही? दोघांचा पत्ता तर एकच छापला जातो.

पत्ता एकच दिसतो, कारण तो आभासी आहे. फोर्क म्हणजे चालू प्रोसेसची (पेरेंट) नक्कल करून नवी प्रोसेस (चाइल्ड) बनवणे. त्यानंतर दोघी सुरुवातीला तीच पेजे वापरतात हे खरे. पण ती ‘कॉपी ऑन राइट’ म्हणून खुणावलेली असतात. कोणीही लिहायला गेले की कर्नल त्या पेजची वेगळी प्रत काढून देतो आणि तिथून वाटा फुटतात. बदल दोघींना दिसायला हवा असेल तर फोर्क करण्याआधी एमएमॅपला (मेमरी आपल्या पत्त्यांत आणणाऱ्या सिस्टिम कॉलला) ‘मॅप शेअर्ड’ आणि ‘मॅप अनॉनिमस’ हे दोन्ही पर्याय देऊन मेमरी घ्यावी. पेरेंट आणि चाइल्ड एवढाच संबंध असेल, तर नाव, की, परवानग्या यांच्या मागे न लागता होणारा हा सर्वांत सोपा मार्ग आहे.

सिस्टिम फाइव्हची पद्धत शिकावी की पॉझिक्सची?

प्रयोगवहीत बहुधा सिस्टिम फाइव्हची पद्धत असते: एसएचएमगेटने सेगमेंट, म्हणजे शेअर्ड मेमरीचा तुकडा, तयार करायचा, एसएचएमएटीने तो जोडून घ्यायचा, एसएचएमडीटीने सोडायचा आणि एसएचएमसीटीएलने काढून टाकायचा. सिस्टिम फाइव्ह युनिक्स १९८३ साली आले आणि ही पद्धत त्याच्या नावाने रूढ झाली. तिच्यात सेगमेंटची ओळख एका पूर्णांकाने, म्हणजे कीने, होते. ती की एफटोक या फंक्शनने बनवली तर फाइलच्या आयनोड क्रमांकाचे (फाइल सिस्टिममधल्या तिच्या ओळख क्रमांकाचे) फक्त खालचे सोळा बिट वापरले जातात, त्यामुळे दोन वेगळ्या फाइलींची की एकच निघू शकते. असे फार वेळा होत नाही; पण झाले तर दोन अनोळखी प्रोग्राम एकाच सेगमेंटमध्ये लिहू लागतात आणि कारण शोधता शोधता नाकी नऊ येतात.

पॉझिक्स हे युनिक्ससारख्या सिस्टिमांसाठीचे मानक आहे. त्याची पद्धत १९९३ च्या रिअल-टाइम विस्तारातून आली. तिच्यात तिरक्या रेघेने सुरू होणारे नाव देऊन एसएचएम-ओपन करायचे, एफट्रंकेटने आकार ठरवायचा आणि एमएमॅपने ती मेमरी आपल्या पत्त्यांत आणायची. हाती फाइल डिस्क्रिप्टर (उघडलेल्या फाइलीचा क्रमांक) येतो, म्हणून फाइलींविषयी जे ज्ञान आहे ते सगळे इथे कामी येते. लिनक्सवर ही नावे ‘डेव्ह’ डिरेक्टरीच्या आतल्या ‘एसएचएम’मध्ये साध्या फाइलींसारखी दिसतात. नवे काम पॉझिक्सनेच करावे असे माझे स्पष्ट मत आहे.

तरी जुन्या पद्धतीला एक गोष्ट येते जी नवीला येत नाही. सिस्टिम फाइव्हच्या सेगमेंटला किती प्रोसेस जोडलेल्या आहेत याचा आकडा कर्नल स्वतः ठेवतो. पोस्टग्रेएसक्यूएल या डेटाबेसने २०१३ सालच्या ९.३ आवृत्तीत आपली मोठी शेअर्ड मेमरी एमएमॅपकडे नेली, परंतु एक छोटासा सिस्टिम फाइव्ह सेगमेंट राखून ठेवला तो याच आकड्यासाठी. जुन्या सर्व्हरची एखादी प्रोसेस अजून जिवंत असताना त्याच डेटा डिरेक्टरीवर दुसरा सर्व्हर सुरू होऊ नये, याची खात्री त्यावरून करता येते.

एसएचएम-ओपन आणि एमएमॅप दोन्ही यशस्वी झाले, पण पहिल्याच लेखनाला ‘बस एरर’ येतो. का?

एफट्रंकेट राहिले आहे. नव्या ऑब्जेक्टचा आकार शून्य बाइट असतो. एमएमॅप त्याला हरकत घेत नाही, पण त्या पत्त्यामागे पेजच नसते.

शेअर्ड मेमरीत लिंक्ड लिस्ट ठेवली. एका प्रोसेसमध्ये चालते, दुसरीत क्रॅश होते. असे का?

कारण त्या लिस्टच्या प्रत्येक नोडमध्ये पॉइंटर आहे, आणि पॉइंटर म्हणजे आपल्या दारापासूनची वाट. ‘दारातून निघून डावीकडे वीस पावले’ असे एका वाड्यातल्या माणसाने हौदाच्या काठावर लिहून ठेवले आणि दुसऱ्या वाड्यातला माणूस आपल्या दारातून तितकीच पावले चालला, तर तो भलत्याच ओसरीवर जाऊन उभा राहील. दोघांना चालेल अशी खूण हौदापासूनच मोजायला हवी: ‘हौदाच्या उत्तरेच्या कडेपासून तीन हात’.

प्रोग्रामच्या भाषेत, पॉइंटरऐवजी सेगमेंटच्या सुरुवातीपासूनचे अंतर, म्हणजे ऑफसेट, साठवावा आणि वापरताना प्रत्येक प्रोसेसने त्यात आपला आरंभीचा पत्ता मिळवावा. सी++ मध्ये बूस्टच्या इंटरप्रोसेस लायब्ररीत यासाठी तयार ऑफसेट पॉइंटर आहे. सी++ चे स्ट्रिंग, व्हेक्टर असे नेहमीचे प्रकार जसेच्या तसे शेअर्ड मेमरीत ठेवू नयेत. त्यांचा मूळ डेटा खासगी हीपमध्ये असतो आणि शेअर्ड मेमरीत जातो तो फक्त त्याच्याकडे बोट दाखवणारा पॉइंटर. व्हर्च्युअल फंक्शन असलेल्या क्लासचे ऑब्जेक्टही याच कारणाने तिथे ठेवता येत नाहीत.

ही चूक दडून राहते, कारण फोर्कने जन्मलेल्या प्रोसेसमध्ये मॅपिंग त्याच पत्त्यावर असते आणि सगळे काही ठीक चाललेले दिसते. दोन प्रोग्राम वेगवेगळे सुरू केले की मग ती उघडी पडते.

एकच प्रोसेस लिहिते आणि एकच वाचते. तरीही लॉक हवे का?

लॉक, म्हणजे एका वेळी एकीलाच डेटाला हात लावू देणारे कुलूप, नाही तरी काहीतरी बंदोबस्त हवाच, आणि हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. भोसरीतल्या एका कारखान्यासाठी इंजिन चाचणीचे सॉफ्टवेअर करत असताना एक प्रोसेस डायनॅमोमीटर या इंजिनाची ताकद मोजणाऱ्या यंत्राकडून सेकंदाला हजार वेळा वेग, टॉर्क आणि तेलाचे तापमान घेऊन शेअर्ड मेमरीतल्या एका स्ट्रक्चरमध्ये लिहीत असे, आणि दुसरी प्रोसेस ते वाचून आलेख काढत असे. लिहिणारी एक आणि वाचणारी एक, मग तंटा कशाचा, अशा समजुतीने मी कोणतेही लॉक घातले नव्हते. तिसऱ्या दिवशी चाचणी विभागातल्या इंजिनिअरने आलेखावरच्या एका ठिपक्यावर बोट ठेवून विचारले, “साहेब, हा कुठून आला?” त्या ठिपक्यात वेग होता मिनिटाला २२०० फेऱ्या आणि टॉर्क होता १५०० फेऱ्यांच्या वेळचा. इंजिन त्या अवस्थेत कधी गेलेच नव्हते. लिहिणाऱ्या प्रोसेसने वेगाचा नवा आकडा लिहिला होता, टॉर्कचा अजून लिहायचा होता, आणि नेमक्या त्या क्षणी वाचणारीने संपूर्ण स्ट्रक्चर उचलले होते.

अशा ठिकाणी लिहिणारी प्रोसेस एकच असेल तर क्रमांकाची युक्ती चांगली चालते. स्ट्रक्चरच्या सुरुवातीला एक गणक ठेवायचा. लिहिण्याआधी तो एकने वाढवायचा, म्हणजे विषम होतो. लिहून झाले की पुन्हा एकने वाढवायचा, म्हणजे सम होतो. वाचणारीने आधी गणक वाचायचा, मग डेटाची प्रत घ्यायची आणि पुन्हा गणक वाचायचा. गणक विषम असेल किंवा दोन वाचनांत बदललेला असेल, तर ती प्रत टाकून देऊन पुन्हा प्रयत्न करायचा. लिहिणारीला कधीच थांबावे लागत नाही, हा याचा फायदा आणि चाचणी यंत्रासाठी तो महत्त्वाचा होता. या पद्धतीला सीक्वेन्स लॉक म्हणतात. गणक मात्र ॲटॉमिक, म्हणजे एका झटक्यात वाचला-लिहिला जाणाऱ्या, प्रकारचा हवा आणि वाचन-लेखनाचा क्रम पक्का बांधलेला हवा. ते का, हे पुढच्या प्रश्नात येते.

लिहिणाऱ्या प्रोसेस दोन झाल्या की सरळ म्युटेक्स किंवा सेमाफोर ही लॉकची तयार साधने वापरावीत. याची गरज पटत नसेल त्यांनी एक प्रयोग करून पाहावा: शेअर्ड मेमरीत एक पूर्णांक ठेवून दोन प्रोसेसना तो प्रत्येकी दहा लाख वेळा एकने वाढवायला सांगावे. उत्तर वीस लाख येण्याऐवजी बहुधा कमी येते आणि दर वेळी वेगळे येते. ‘एकने वाढव’ ही एक ओळ असली तरी वाचणे, मिळवणे आणि परत ठेवणे ही तीन कामे आहेत, आणि त्यांच्या मध्ये दुसरी प्रोसेस शिरते.

पीथ्रेड या थ्रेड लायब्ररीचा म्युटेक्स शेअर्ड मेमरीत ठेवताना त्याला ‘प्रोसेस शेअर्ड’ हा गुणधर्म द्यायला विसरू नये. तो न दिलेला म्युटेक्स दोन प्रोसेसमध्ये वापरला तर काय होईल याची हमी नसते. वरवर तो चाललेलाही दिसू शकतो.

व्होलाटाइल लिहिले की पुरत नाही का?

नाही. व्होलाटाइल कंपायलरला एवढेच सांगते की प्रत्येक वाचन-लेखन खरोखर करावे. काम एका झटक्यात होण्याची हमी ते देत नाही, आणि प्रोसेसरने लेखनाचा क्रम बदलला तर त्याला अडवतही नाही. एक्स८६ वर लेखने दुसऱ्या कोअरला लिहिलेल्या क्रमानेच दिसतात. एआरएमवर ती हमी नाही. ‘डेटा तयार आहे’ हा झेंडा डेटाच्या आधीच दुसऱ्या कोअरला दिसू शकतो, आणि लॅपटॉपवर वर्षभर बिनचूक चाललेला प्रोग्राम एआरएमच्या बोर्डावर पहिल्याच दिवशी चुकू शकतो. सी११ आणि सी++११ पासून भाषेतच असलेले ॲटॉमिक प्रकार वापरावेत: झेंडा उभारताना ‘रिलीज’ आणि पाहताना ‘अक्वायर’ हा क्रम बांधणारा पर्याय द्यावा.

लॉक हातात असतानाच प्रोसेस मेली तर?

तर साधा म्युटेक्स कायमचा बंद राहतो आणि बाकीच्या प्रोसेस वाट पाहत अडकतात. एकाच प्रोसेसमधल्या थ्रेडना ही अडचण सहसा येत नाही, कारण प्रोसेस मेली की सगळेच थ्रेड जातात. प्रोसेस स्वतंत्र असल्या की मागे राहणाऱ्यांचा विचार करावाच लागतो. म्युटेक्सला ‘रोबस्ट’ गुणधर्म दिला तर पुढच्या प्रोसेसला लॉक मिळते आणि सोबत ‘आधीचा मालक मेला’ असा एरर कोडही मिळतो. तेव्हा आधी डेटा तपासून नीट करावा, मग म्युटेक्स सुसंगत झाल्याचे जाहीर करावे. डेटा कसा नीट करायचा हे कर्नलला माहीत नसते. ते ज्याने स्ट्रक्चर बनवले त्यालाच ठाऊक. सिस्टिम फाइव्हच्या सेमाफोरला, प्रोसेस मेली की तिने केलेला बदल मागे घेणारा, ‘अनडू’ पर्याय आहे; पॉझिक्सच्या सेमाफोरला अशी काही सोय नाही.

प्रोग्राम संपला, तरी मेमरी तशीच राहिली. ती कशी काढावी?

सिस्टिम फाइव्हचा सेगमेंट आणि पॉझिक्सचे ऑब्जेक्ट ही दोन्ही कर्नलच्या आयुष्यावर जगतात. प्रोसेस संपल्याने ती जात नाहीत, यंत्र रीस्टार्ट केल्यावर जातात. सिस्टिम फाइव्हसाठी आयपीसीएस ही आज्ञा ‘एम’ पर्यायासह दिली की यादी मिळते आणि आयपीसीआरएमने सेगमेंट काढता येतो. यादीतला ‘एनॲटॅच’चा रकाना आधी पाहावा: तिथे शून्य नसेल तर कोणीतरी अजून तो वापरते आहे. पॉझिक्ससाठी एसएचएम-अनलिंक आहे. अनलिंक केल्यावर नाव लगेच जाते, पण जोडलेल्या प्रोसेसचे काम चालूच राहते आणि शेवटची प्रोसेस सुटल्यावर मेमरी मोकळी होते. म्हणून सर्व प्रोसेस जोडल्या गेल्या की लगेच अनलिंक करून टाकणे ही चांगली सवय आहे.

विंडोजवर नियम वेगळा आहे. तिथे पेजिंग फाइलच्या आधाराने बनवलेले मॅपिंग शेवटचा हँडल आणि शेवटचा व्ह्यू बंद होताच आपोआप जाते.

उलटी तक्रारही ऐकू येते: सेगमेंट कोणी न काढता नाहीसा होतो. सिस्टिमडी (सेवा आणि लॉगिन सांभाळणारा प्रोग्राम) असलेल्या लिनक्सवर ‘रिमूव्ह आयपीसी’ ही सेटिंग चालू असेल, तर साध्या वापरकर्त्याचे शेवटचे लॉगिन संपताच त्याची शेअर्ड मेमरी पुसली जाते. सर्व्हर प्रोग्राम सिस्टिम खात्याखाली चालवावा किंवा ती सेटिंग बंद करावी.

टॉपमध्ये प्रत्येक प्रोसेस इतकी मेमरी खाताना का दिसते?

टॉप या, चालू प्रोसेसची यादी दाखवणाऱ्या, आज्ञेत शेअर्ड पेजे प्रत्येक प्रोसेसच्या नावावर पूर्ण मोजली जातात. आठ प्रोसेसनी १२८ एमबीचा एकच सेगमेंट पूर्णपणे वापरला, तर बेरीज १०२४ एमबी दिसते, जागा मात्र १२८ एमबीच अडते. खरा वाटा पाहायचा असेल तर प्रॉक फाइल सिस्टिममधल्या ‘स्मॅप्स’ फाइलीतला पीएसएस हा (शेअर्ड पेजे वाटून मोजलेला) आकडा पाहावा. या उदाहरणात तो प्रत्येकी १६ एमबी येईल.

कंटेनरमध्येच प्रोग्राम का पडतो?

डॉकर हे सॉफ्टवेअर कंटेनरला, म्हणजे प्रोग्राम बाकीच्यांपासून वेगळा चालवण्याच्या बंदिस्त जागेला, शेअर्ड मेमरीसाठी मुळात ६४ एमबीच जागा देतो. पायटॉर्च या मशीन लर्निंग लायब्ररीचे डेटा लोडर आणि पोस्टग्रेएसक्यूएलच्या समांतर क्वेरी याच मर्यादेला आपटतात. कंटेनर सुरू करतानाच ‘एसएचएम साइझ’ वाढवून द्यावी.

पायथनमध्ये हे करता येते का?

येते. २०१९ सालच्या ३.८ आवृत्तीपासून मल्टिप्रोसेसिंगमध्ये शेअर्ड मेमरीचे मॉड्यूल आहे. ‘क्लोज’ प्रत्येक प्रोसेसने करावे आणि ‘अनलिंक’ एकीनेच. एक गोष्ट जपावी: स्वतंत्रपणे सुरू केलेली पायथन प्रोसेस संपताना तिचा रिसोर्स ट्रॅकर दुसऱ्यांच्या वापरातला सेगमेंटही अनलिंक करून टाकू शकतो. ३.१३ आवृत्तीत ‘ट्रॅक’ हा पर्याय आला, तो बंद ठेवला की हा त्रास थांबतो.

पलीकडची प्रोसेस विश्वासातली नसेल तर?

तर शेअर्ड मेमरीतला आकडा तपासून पुन्हा तिथूनच वाचू नये. लांबी १०० आहे असे आपण तपासतो आणि वापरायच्या क्षणी पलीकडच्या प्रोसेसने ती १०,००० केलेली असते. आधी खासगी व्हेरिएबलमध्ये प्रत घ्यावी, ती तपासावी आणि तीच वापरावी. पलीकडची प्रोसेस फाइल आखडून आपल्यावर बस एररही ओढवू शकते. त्यासाठी लिनक्समध्ये २०१४ पासून मेमएफडी-क्रिएट आहे, ज्याने बनवलेल्या मेमरीचा आकार कमी करता येणार नाही असे सील लावता येते. परवानग्या ६६६ (कोणालाही वाचता-लिहिता येईल अशा) ठेवण्याची प्रयोगशाळेतली सवय नोकरीत नेऊ नये.

दोन वेगळ्या यंत्रांवरच्या प्रोसेसना शेअर्ड मेमरी वापरता येईल का?

या पानावर सांगितलेल्या पद्धतीने नाही, कारण दोन्ही पेज टेबलांना एकच रॅम दिसायला हवी. पुण्यात सी-डॅक या सरकारी संस्थेने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, त्यातल्या प्रत्येक ट्रान्सप्युटर प्रोसेसरला स्वतःची वेगळी मेमरी होती आणि ते एकमेकांशी संदेशांनीच बोलत. पाषाणच्या आयसर या विज्ञान संस्थेतील परम ब्रह्मसारख्या आजच्या यंत्रांत एका नोडमध्येच, म्हणजे यंत्राच्या एका घटक संगणकातच, अनेक कोअर असतात, म्हणून दोन्ही मार्ग एकत्र येतात. एमपीआय या संदेश पाठवण्याच्या मानकाच्या २०१२ सालच्या ३.० आवृत्तीपासून एकाच नोडवरच्या प्रोसेसना सामायिक विंडो मागता येते आणि त्या शेजारच्या प्रोसेसचा डेटा थेट वाचू शकतात; नोडची सीमा ओलांडली की पुन्हा संदेशच पाठवावा लागतो.